चाळीस-पन्नास वर्षांनी तोच गायक पुन्हा प्रत्यक्ष ऐकायचा असेल तर : स्टिंग, पट्टी आणि महालक्ष्मीचं मैदान

रंगभवनप्रेमी

मार्च १९८० मध्ये 'द पोलीस' हा बँड धोबीतलावच्या रंगभवनात वाजवून गेला. टाइम अँड टॅलेंट्स क्लबनं तो कार्यक्रम भरवला होता. त्यांच्या पहिल्या जगदौऱ्यातला तो मुक्काम होता आणि गायक-बेसवादक स्टिंग तेव्हा २८ वर्षांचा होता. २८ जानेवारी २०२४ ला तोच स्टिंग, वय ७२, महालक्ष्मी रेसकोर्सवर लोलापलूझा या संगीत महोत्सवाच्या दुसऱ्या दिवशी सगळ्यात शेवटी गायला.

हे निमित्त धरून धागा काढतोय. जुने पॉप गायक आता भारतात सारखे येत असतात आणि तरुणपणी त्यांना ऐकलेली मंडळी आज साठी-सत्तरीत आहेत. तिकीट स्वस्त नसतं, तीन-चार तास उभं राहावं लागतं. तेव्हा जाणकारांनी सांगावं : आवाज किती उरलाय हे तिकीट काढायच्या आधी कसं ओळखायचं? गाणी खालच्या पट्टीत घेतात म्हणतात, ती फसवणूक धरायची का? आणि मैदानात नेमकं कुठे थांबलं की शब्द न् शब्द कळतो? कृपया मोघम नको, तपशील द्या.

स्पष्टवक्ता

जाऊच नये. कानात जे साठलंय ते तसंच राहू द्यावं. सत्तरीतला माणूस विशीतली गाणी गातो तेव्हा अर्धं गाणं प्रेक्षकच म्हणतात. त्यापेक्षा घरी चांगल्या स्पीकरवर जुनी रेकॉर्ड लावा.

सांजवात

@स्पष्टवक्ता, आशाताईंनी ८ सप्टेंबर २०२३ ला नव्वदाव्या वाढदिवशी दुबईत कार्यक्रम केला. तेव्हा लोक काय जुनी रेकॉर्ड तपासायला गेले होते?

पांढरी_पाच

धागा वाचनखुणेत टाकला. गळ्याबद्दल लिहिते, तो माझा विषय.

वय झालं की स्वरतंतूंचा स्नायू बारीक होतो. मग दोन तंतू पूर्ण मिटत नाहीत, मधून हवा निसटते आणि आवाजात फुसफुस येते. स्वरयंत्राच्या कूर्चा कडक होतात, त्यामुळे तंतू ताणून वर जाणं अवघड होतं. छातीचा भाता लहान होतो, म्हणजे एका श्वासात पूर्वी जी ओळ संपायची ती आता मध्ये तुटते. कंपही बदलतो. तरुण गळ्यात तो सेकंदाला साधारण पाच-सहा वेळा होतो, वयानं तो संथ आणि रुंद होतो, मग सूर डोलल्यासारखा वाटतो.

यातलं सगळ्यात आधी काय जातं? सगळ्यात वरचे दोन-तीन सूर, आणि छातीच्या आवाजातून डोक्याच्या आवाजात जातानाचा सांधा. मधला सप्तक नीट सांभाळलेल्या गळ्यात फार काळ टिकतो. म्हणून ज्यांची गाणी मुळात मधल्या पट्ट्यात आहेत ते गायक उतारवयात चांगले ऐकू येतात. उषा उत्थुप घ्या. जन्म १९४७ चा, आवाज पहिल्यापासून खर्जाकडचा, त्यामुळे वयानं त्यांच्याकडून हिरावून घेण्यासारखं फारसं नाहीच. स्टिंगचं उलटं आहे. पोलीसची पहिली गाणी तार स्वरात ओरडून म्हटलेली आहेत, म्हणून त्याच्या बाबतीत हा प्रश्न खरा आहे.

आता आधी कसं ओळखायचं. अधिकृत ध्वनिमुद्रण ऐकू नका, त्यात सूर नंतर दुरुस्त केलेले असतात. प्रेक्षकांनी मोबाइलवर घेतलेले तुकडे शोधा, आणि तेही गेल्या सहा महिन्यांतले. कार्यक्रमाचं पहिलं गाणं ऐकून मत बनवू नका, कारण तेव्हा गळा ताजा असतो. शेवटच्या अर्ध्या तासातलं उंच गाणं ऐका. त्यात तीन गोष्टी पाहा : ओळीचा शेवटचा सूर पूर्ण लांबतो की लवकर सोडतात, उंच जागी मूळ चाल तशीच राहते की तिथे खालून वळण घेतात, आणि लागोपाठच्या दोन दिवसांच्या कार्यक्रमांत दुसऱ्या दिवशी आवाज बसलेला आहे का. दुसरा दिवसही धडधाकट असेल तर बिनधास्त तिकीट काढा.

आजोळ

सुंदर प्रतिसाद. पट्टी उतरवली आहे हे घरबसल्या कसं कळेल? कान तितके तयार नाहीत.

पांढरी_पाच

@आजोळ, घरात पेटी असेल तर पाच मिनिटांचं काम आहे. नसेल तर फोनवरचा ट्यूनर चालेल. मूळ रेकॉर्ड लावा, गाणं ज्या सुरावर येऊन विसावतं तो सूर पेटीवर शोधा. मग मोबाइलवरचा तुकडा लावून तेच करा. पोलीसचं 'मेसेज इन अ बॉटल' मूळ काळी एकमध्ये, म्हणजे पेटीच्या सप्तकातली पहिली काळी पट्टी सा धरून आहे. आता तेच पांढरी एकमध्ये सापडलं तर अर्धा स्वर खाली आलं, पांढरी सातमध्ये सापडलं तर एक स्वर. 'रॉक्सॅन' मूळ पांढरी पाच. अर्धा-एक स्वर उतरणं हे या वयात अगदी नेहमीचं. दीड-दोन स्वर उतरले असतील तर गाण्याचा रंगच बदलतो, ते आधी माहीत असलेलं बरं.

एक सावधगिरी : जुन्या कॅसेट आणि काही व्हिडिओ वेगानं किंवा हळू चाललेले असतात, त्यामुळे पाव स्वराचा फरक दिसला तर तो गळ्याच्या माथी मारू नका.

स्पष्टवक्ता

म्हणजे फसवणूकच की. रेकॉर्ड काळी एकची आणि माल पांढरी सातचा.

खर्ज

@स्पष्टवक्ता, ठाम असहमती. आपल्याकडे प्रत्येक गायक आपल्या गळ्याप्रमाणे पट्टी धरतो. भीमसेन जोशींची अमुक मैफल अमुक पट्टीत झाली नाही म्हणून कोणी पैसे परत मागितले नाहीत. पॉपमध्ये पट्टी रेकॉर्डला चिकटलेली वाटते याचं कारण वाद्यं आहेत, गळा नव्हे. ते जरा उलगडून सांगतो.

गिटारची बरीच गाणी मोकळ्या, म्हणजे बोट न दाबता वाजणाऱ्या तारांवर बसलेली असतात. पट्टी अर्धा स्वर खाली घ्यायची तर मोकळी तार चुकीची वाजते. कॅपो, म्हणजे सगळ्या तारा दाबून धरणारा चिमटा, लावून पट्टी वर नेता येते, खाली आणता येत नाही. मग सहाही तारा अर्धा स्वर सैल करतात. सैल तार जाड आणि मऊ बोलते, जोरात छेडली की क्षणभर बेसूर जाते. म्हणून एक जाड तारांचा संच लावलेली वेगळी गिटार ठेवतात. कार्यक्रमात प्रत्येक गाण्याआधी गिटार बदलताना दिसते ना, त्यातल्या बऱ्याच अदलाबदलीचं कारण हेच असतं. बेसला पाच तारांचा बेस घेतला की प्रश्न सुटतो, पण स्टिंग जुना चार तारांचाच प्रिसिजन बेस वाजवतो. रंग उडालेला, लाकूड उघडं पडलेला १९५७ चा बेस, फोटोत लगेच ओळखू येतो.

आता 'मेसेज इन अ बॉटल'ची गंमत. पोलीसचा गिटारवादक अँडी समर्सनं वाजवलेल्या त्या सुरुवातीच्या तुकड्यात एकही मोकळी तार नाही. पहिला स्वरगट पाचव्या तारेवर चौथ्या घरात (फ्रेटमध्ये), चौथ्या तारेवर सहाव्या आणि तिसऱ्या तारेवर आठव्या घरात. म्हणजे पहिलं बोट आणि करंगळी यांच्यात पाच घरांचा ताण. मोकळी तार नसल्यानं हात सरळ खाली सरकवला की पट्टी बदलली, असं कागदावर वाटतं. पण गिटारची घरं डोक्याच्या बाजूला रुंद होत जातात. तोच आकार दोन घरं खाली, म्हणजे २-४-६ वर धरला की बोटं आणखी फाकवावी लागतात, आणि शेवटच्या स्वरगटासाठी सहाव्या तारेवर तर घरच उरत नाही. तिथे सारा आकार वेगळा बसवावा लागतो. एवढा उपद्व्याप गायकाच्या एका सुरासाठी वादक करतात. त्याला फसवणूक म्हणणं अन्यायाचं आहे.

स्टिंगसोबत डॉमिनिक मिलर १९९१ च्या 'द सोल केजेस' अल्बमपासून गिटार वाजवतोय. 'शेप ऑफ माय हार्ट' त्या दोघांनी मिळून लिहिलेलं गाणं. त्याची नायलॉनच्या तारांवरची बोटं ऐकायलाही जायला हवं.

सांजवात

क्या बात! +१

टेम्सकाठ

पट्टीपेक्षा मोठा प्रश्न वेगळा आहे : जे ऐकू येतंय ते त्या क्षणी गायलं जातंय का? लंडनला मे २०२२ पासून 'अ‍ॅबा व्हॉयेज' चालू आहे. समोर त्या स्वीडिश पॉप बँडमधल्या चौघांच्या तरुणपणीच्या डिजिटल प्रतिमा, आवाज मुद्रित, वाजवणारे मात्र दहाजण खरे. तिथे हे उघड सांगितलेलं आहे, त्यामुळे तक्रार नाही. तक्रार असते ती न सांगता ट्रॅकवर ओठ हलवणाऱ्यांबद्दल.

ओळखायच्या खुणा : माइक तोंडापासून दूर गेला तरी आवाज कमी होत नाही. 'स' आणि 'प'चा फुत्कार कुठेच येत नाही. दोन वेगवेगळ्या शहरांतल्या व्हिडिओत मध्येच टाकलेल्या हरकती तंतोतंत एकाच जागी असतात. ही तिसरी खूण सगळ्यात भरवशाची. फक्त ढोलकऱ्यानं, म्हणजे ड्रमरनं, कानात ठोक्याचा क्लिक घेतलाय एवढ्यावरून निष्कर्ष काढू नका. पडद्यावरची दृश्यं आणि दिवे जुळवायलाही क्लिक लागतो.

मांडवीकाठी

हांव जोडतां : नावाचीही खात्री करा. गोव्यात डिसेंबरात जुन्या डिस्को बँडांची पोस्टरं लागतात. बोनी एमचंच बघा. चौघांपैकी रेकॉर्डवर खरं गायल्या त्या लिझ मिचेल आणि मार्शिया बॅरेट. पुरुषी आवाज निर्माता फ्रँक फॅरियनचा स्वतःचा होता, नाचणारा बॉबी फॅरेल २०१० मध्ये वारला आणि फॅरियन जानेवारी २०२४ मध्ये. त्यामुळे पोस्टरवर नुसतं बँडचं नाव मोठं असेल तर खाली बारीक अक्षरात कोणाचं नाव आहे ते वाचूनच पैसे भरा. लिझ मिचेलचं नाव असेल तर तो रेकॉर्डवरचा आवाज.

आजोळ

बारीक अक्षरांचा सल्ला मोलाचा! चष्मा घेऊन तिकीट काढणार.

डेसिबल

आता उभं कुठे राहायचं ते. साउंडचं काम रोजचं आहे, म्हणून जरा सविस्तर.

मैदानात स्टेजच्या दोन्ही बाजूंना उभ्या माळेसारखे स्पीकर टांगलेले असतात, त्याला लाइन अ‍ॅरे म्हणतात. समोर साधारण तीस-चाळीस मीटरवर मिक्सरचा मांडव असतो. साउंड इंजिनिअर तिथे बसून आवाज जुळवतो, म्हणजे त्याला जे नीट ऐकू येतं तेच तिथे उभ्या माणसाला येतं. म्हणून जागा एकच : मिक्सरच्या मांडवाच्या पुढे पाच-दहा मीटर, आणि मधल्या रेषेपासून चार-पाच पावलं डावीकडे किंवा उजवीकडे. अगदी मधोमध नको. दोन्ही बाजूंच्या सबवूफरचा खर्ज मधल्या पट्ट्यात एकत्र साठतो, तिथे बेस घुमतो आणि सूर कळत नाही. स्टिंगसारखा गाता गाता बेस वाजवणारा माणूस असेल तर हे फार महत्त्वाचं, त्याच्या अर्ध्या गाण्यांची चाल बेसवरच उभी आहे.

बॅरिकेडला चिकटून चेहरा दिसतो, पण गाणं नीट ऐकू येत नाही. टांगलेले स्पीकर डोक्यावरून पुढे फेकतात, तुमच्या वाट्याला सब आणि स्टेजच्या कडेचे छोटे स्पीकर येतात. अगदी मागे गेलात तर आवाज उशिरा पोचतो. आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो, म्हणजे शंभर मीटरवर जवळजवळ ०.३ सेकंद उशीर. पडद्यावर ओठ आधी हलतात आणि शब्द मागून येतो. @टेम्सकाठ, बरेच लोक याच कारणानं 'ओठ हलवतोय' असं ठरवून मोकळे होतात! मागे डिले टॉवर, म्हणजे मागच्या लोकांसाठी उभारलेले जादा स्पीकर, असतील तर त्यांच्या पुढ्यात थांबा. टॉवरच्या शेजारी किंवा मागे थांबलात तर एकच शब्द दोनदा ऐकू येईल.

महालक्ष्मीला समुद्र जवळ. संध्याकाळी वारा सुटला की वरचे स्वर हेलकावे खातात, झांजांचा आवाज येतो-जातो. त्याला इलाज नाही, मिक्सरच्या जवळ राहिलं की त्रास कमी. मुंबईची दमट हवा मात्र इथे आपल्या बाजूची. कोरड्या हवेत तीक्ष्ण स्वर लवकर विरतात, दमट हवेत कमी.

कान : कार्यक्रमाचा आवाज सहज १०० डेसिबलच्या आसपास असतो. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२२ मध्ये अशा ठिकाणांसाठी पंधरा मिनिटांच्या सरासरीला १०० ही कमाल मर्यादा सुचवली आहे. फोमचे स्वस्त इअरप्लग तीक्ष्ण स्वर जास्त खातात, मग शब्द कळत नाहीत. संगीतासाठीचे फिल्टर असलेले घ्या, ते सगळे स्वर साधारण सारखेच १५-२० डेसिबलनं खाली आणतात. फोमचेच असतील तर बोटांत वळून बारीक करा, दुसऱ्या हातानं कान वर आणि मागे ओढा, आत सरकवा आणि वीस-तीस सेकंद दाबून धरा. अर्धवट घातलेला फोम काही कामाचा नाही. श्रवणयंत्र वापरणाऱ्यांनी त्यात संगीताचा वेगळा प्रोग्रॅम आधी लावून घ्यावा. बोलणं ऐकण्यासाठीचा नेहमीचा प्रोग्रॅम लांबलेल्या सुराला गोंगाट समजून दाबतो.

रंगभवनप्रेमी

@डेसिबल, दंडवत. रंगभवनात असं काही लागायचं नाही ना?

डेसिबल

तिथे काही हजार माणसं, दगडी उतार आणि स्पीकर स्टेजवरच. सगळेच जवळ. गायकाला स्वतःचा आवाज ऐकायला पायाशी ठेवलेले मॉनिटर, आणि वाद्यांच्या आवाजावर मात करायला ओरडावं लागायचं. आता कानात इन-इअर असतात, स्वतःचा श्वासही ऐकू येतो, त्यामुळे जोर लावावा लागत नाही. सत्तरीत गळे टिकतात त्यात या एका बदलाचा वाटा मोठा आहे असं माझं ठाम मत आहे.

पांढरी_पाच

अनुमोदन, शंभर टक्के. जोडीला कार्यक्रमाची रचना बघा. उंच गाण्यानंतर एक सावकाश गाणं, मग वादकाचा लांब तुकडा. स्टिंग 'ई-यो' म्हणतो आणि मैदान उत्तर देतं, त्या मिनिटाभरात गळ्याला विश्रांती मिळते. 'रॉक्सॅन' लांबवतो त्यातही हेच. अलीकडच्या त्याच्या बहुतेक कार्यक्रमांचा शेवट 'फ्रॅजाइल'नं होतो. हातात नायलॉनची गिटार, मंद्र-मध्यातलं हळू गाणं. थकलेल्या गळ्याला हेच गाणं सगळ्यात शोभतं, कारण त्यातली थोडी फुसफुस गाण्याचाच भाग वाटते. रचना करणाऱ्याला स्वतःचा गळा कळलाय.

उलट उदाहरण एल्टन जॉनचं. १९८७ मध्ये ऑस्ट्रेलियात घशाची शस्त्रक्रिया झाली, वरचा नाजूक आवाज गेला आणि खालचा भरदार झाला. पुढची छत्तीस वर्षं, जुलै २०२३ मध्ये स्टॉकहोमला निरोपाचा दौरा संपेपर्यंत, तो जुनी गाणी वेगळ्या वळणानं गात राहिला. ज्यांनी १९७५ चा सूर शोधला ते हिरमुसले, ज्यांनी नवं वळण ऐकलं त्यांना ऐश्वर्य मिळालं.

खर्ज

अवांतर : १९८० ला रंगभवनात 'एव्हरी ब्रेथ यू टेक' वाजलंच नव्हतं. ते १९८३ चं. 'फ्रॅजाइल' १९८७ चं, 'डेझर्ट रोज' १९९९ चं. तेव्हा पोलीसचे दोनच अल्बम होते. म्हणजे 'तीच गाणी पुन्हा' हे निम्मंच खरं, बाकीची गाणी प्रत्यक्षात पहिल्यांदाच ऐकायची असतात.

स्पष्टवक्ता

हा मुद्दा पटला. पट्टीचाही पटला. पण प्रेक्षकांनी अख्खं कडवं म्हणायचं हे काही पटत नाही, तिकीट मी काढलंय, शेजाऱ्याचं गाणं ऐकायला नव्हे.

सांजवात

मग मिक्सरजवळच थांबा, तिथे गाणारे कमी आणि ऐकणारे जास्त असतात. :)

लोकल_नऊबावन्न

मूळ प्रश्नाकडे. वयस्कर मंडळींना महालक्ष्मीला न्यायचं तर :

उघड्यावर लाउडस्पीकर रात्री १० ला बंद, काही ठरावीक दिवसांची सवलत सोडली तर. म्हणून मुख्य गायक साडेआठच्या आसपास सुरू होतो आणि दहाला संपतो. पुन्हा बोलावणं वगैरे त्यातच धरलेलं असतं, त्यामुळे 'उशिरा सुरू होईल' या हिशेबावर राहू नका. रंगभवनचं गाणं तर शांतता क्षेत्राच्या नियमानंच थांबलं. शेजारी झेवियर्स, जवळ कामा आणि जीटी रुग्णालय.

महोत्सवात दुपारपासून जाण्याची गरज नाही. संध्याकाळी साडेसहाला आत, खाणं-स्वच्छतागृह आटपून साडेसातला जागेवर. मुख्य गायकाच्या आधीचा कार्यक्रम दुसऱ्या स्टेजवर चालू असतो, तेव्हा मिक्सरपुढची जागा सहज मिळते. तो संपला की पाच मिनिटांत भरते.

घडीचं स्टूल, छत्री, बाटली बहुधा आत सोडत नाहीत. औषधं मूळ वेष्टनात आणि चिठ्ठीसह ठेवा. उभं राहणं जमत नसेल तर दिव्यांगांसाठीच्या उंचवट्याची विचारणा तिकीट काढायच्या आधी आयोजकांना लेखी करा, दारावर विनंती करून भागत नाही. खाण्याचे पैसे मनगटपट्टीत भरावे लागतात. थोडेच भरा, उरलेले परत मिळवायची मुदत असते आणि ती लोक विसरतात. तिकीट दुसऱ्याकडून घेत असाल तर नुसता क्यूआरचा फोटो घेऊ नका. एकच फोटो चौघांना विकलेला असतो आणि जो आधी स्कॅन करतो तो आत. अ‍ॅपमधून नावावर हस्तांतर होत असेल तरच पैसे द्या.

परतताना दारासमोर टॅक्सी मिळणार नाही. महालक्ष्मी स्टेशन चालत गाठा. आता मेट्रो ३ चंही स्थानक आहे, शेवटच्या गाडीची वेळ आधी पाहून ठेवा. स्टेशनच्या पुलावर दहा ते साडेदहा चेंगराचेंगरीसारखी गर्दी होते. गुडघे दुखणाऱ्यांना शेवटच्या गाण्याच्या आधी दाराकडे न्यायचं किंवा सरळ अर्धा तास मैदानातच बसवायचं. दुसरा उपाय चांगला, 'फ्रॅजाइल' बुडत नाही.

आजोळ

आणि पायात काय? रेसकोर्सवर चिखल असतो का?

लोकल_नऊबावन्न

जानेवारीत चिखल नाही, धूळ. बंद बूट, जाड तळव्याचे. दम्याचा त्रास असेल तर मास्क आणि पंप खिशात. नवे बूट त्या दिवशी पहिल्यांदा घालू नका, आठवडाभर आधीपासून वापरा.

रंगभवनप्रेमी

सगळ्यांचे मनापासून आभार. @पांढरी_पाच, पेटीवर पट्टी शोधायची रीत वेगळा धागा काढून लिहाल का? जुन्या पन्नास गाण्यांच्या मूळ पट्ट्यांची यादी सगळ्यांनी मिळून करता येईल.

पांढरी_पाच

नक्की. सुरुवातीला ही घ्या : 'मेसेज इन अ बॉटल' काळी एक, 'रॉक्सॅन' पांढरी पाच, 'शेप ऑफ माय हार्ट' काळी तीन, ब्रायन अ‍ॅडम्सचं 'समर ऑफ सिक्स्टी नाइन' पांढरी दोन. पुढची @खर्ज यांनी भरावीत.